गोव्यात घर बघताय? पणजीच्या आसपास कुठलं उपनगर कुणाला सोयीचं

बेळगाव, खानापूर, चंदगडकडची बरीच मंडळी नोकरी-धंद्यासाठी गोव्यात जातात. आधी भाड्याची खोली, मग फ्लॅट किंवा प्लॉटचा विचार. समुद्र जवळ दिसला की मन लगेच तयार होतं, पण आयुष्याची कमाई घालायची तर आधी थोडी माहिती हवी.

पर्वरी
मांडवीच्या उत्तर तीरावर. विधानसभा, सचिवालय आणि हायकोर्ट इथंच. पणजी पुलापलीकडे, शाळा-दवाखाने जवळ. त्यामुळे नोकरदारांची पहिली पसंती आणि दरही चढे. हमरस्ता वस्तीच्या मधूनच जातो, तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या वेळी एकदा स्वतः गाडी काढून बघा.

म्हापसा
बार्देशची बाजारपेठ, शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध. चोर्ला घाटातून साखळी, डिचोलीमार्गे थेट येता येतं. थिवी रेल्वे स्टेशन जवळ. २०२३ पासून मोपा विमानतळ सुरू झाल्याने हा भाग आणि पेडणे दोन्हीकडे जमिनीची मागणी वाढली. दुकान, व्यापार असणाऱ्यांना म्हापसा बरा.

पणजी, ताळगाव, बांबोळी
विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला. घरात शिकणारी मुलं किंवा आजारी माणूस असेल तर हा पट्टा सोयीचा. मात्र पणजीत मळा, १८ जून रस्ता अशा सखल भागांत मोठ्या पावसात पाणी साचतं.

वास्को
दाबोळी विमानतळ, नौदल आणि मुरगाव बंदर यांचं गाव. बेळगावहून येणाऱ्यांना लोंढ्यावरून रेल्वे आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना जवळ. बंदरावरच्या कोळशाच्या धुळीची तक्रार जुनी आहे. घरात दम्याचा पेशंट असेल तर विचार करूनच.

फोंडा
किनाऱ्यापासून आत, पण मराठी माणसाला इथं घरच्यासारखं वाटतं. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवस्थानं आसपास, नाटकं-भजनांची परंपरा आहे. कुंडई औद्योगिक वसाहत जवळ. अनमोड घाटातला रस्ता इथूनच पणजीकडे जातो. खारं वारं कमी, त्यामुळे ग्रील आणि गाड्या लवकर गंजत नाहीत.

पाणी कुठलं, ते विचारा
फोंडा, पणजीला ओपा प्रकल्पाचं पाणी. बार्देशला अस्नोडा प्रकल्प आणि तिळारीच्या कालव्याचा आधार. कालवा फुटला की पर्वरीपर्यंत नळ कोरडे पडतात. शेजाऱ्याला सरळ विचारा, "मे महिन्यात टँकर मागवावा लागतो काय?"

कागद बघितल्याशिवाय पैसे नकोत
- 'एक-चौदा'चा उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा. त्यात कूळ किंवा मुंडकाराचं नाव असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.
- जमीन सेटलमेंट झोनमध्ये आहे का, बिगरशेती सनद झाली आहे का, हे नगर नियोजन खात्यात आणि संबंधित कार्यालयात तपासा. २०२३ च्या कायद्यामुळे भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला सहजी घेता येत नाही.
- गोव्यातल्या समान नागरी कायद्यामुळे विक्री करताना साधारणपणे नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. एकाच सहीवर व्यवहार केला तर पुढं कोर्टकचेरी होते.
- समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागू होतात. भरतीचं पाणी येतं त्या नदी-खाडीच्या काठालाही ते आहेत. "नदीकाठचा स्वस्त प्लॉट" म्हटलं की आधी हे बघा.
- फ्लॅट नवीन असेल तर प्रकल्पाचा रेरा नंबर आणि ऑक्युपन्सी दाखला मागा.

भाषा आणि शाळा
१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी सरकारी कामासाठी मराठी वापरण्याची तरतूद आहे. मराठी प्राथमिक शाळा गावोगावी आहेत, पण काहींचा पट कमी झालाय. मुलांना मराठीतून शिकवायचं असेल तर घर ठरवण्याआधी शाळेत जाऊन या.

शेवटी एकच
बेळगावच्या दुपटीहून जास्त, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस इथं पडतो. तेव्हा आधी अकरा महिने भाड्यानं राहा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करा, एक पावसाळा काढा. छत गळतं का, रस्ता बुडतो का, वीज किती वेळ जाते, हे जुलैमध्येच कळतं. डिसेंबरात सगळीच घरं चांगली दिसतात.