गोतसभा

गोतसभा : गावातील व परगण्यातील तंटे पक्षकारांच्याच समाजाकडून मिटविणारी मध्ययुगीन महाराष्ट्रातील सभा. ‘गोत’ याचा अर्थ येथे केवळ नातलग असा नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, महाजन, बलुतेदार व प्रतिष्ठित शेतकरी हे सर्व गोतात मोडत. परगण्याच्या सभेत देशमुख व देशपांडे प्रमुख असत. सरकारी अधिकारीही हजर असले, म्हणजे त्या बैठकीस मजलस म्हणत व तिच्या निर्णयाचा महजर होई.

या परंपरेची मुळे प्राचीन आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत पूग, श्रेणी व कुल यांना न्यायदानाचा अधिकार मान्य केला आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून आले असून तेथील कापड गाड्यांनी भडोचला जाई. स्मृतिकारांना अभिप्रेत असलेल्या श्रेणी अशाच पेठांतील कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या होत. याच तेरचे संत गोरोबाकाका यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली व नामदेवांस कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी ज्याला मडके कळते त्याने कच्चेपक्के ठरवावे, हा तिच्यातील विचार गोताच्या न्यायाचाही पाया होता. शेताचा बांध, विहिरीची पाळी किंवा वतनाचा वडीलपणा यांविषयी शेजाऱ्याइतका जाणकार दुसरा कोण असणार?

सभेचे काम ठराविक क्रमाने चाले. प्रथम दोन्ही पक्षांकडून, होईल तो निर्णय मान्य करू, असा राजीनामा (संमतिपत्र) लिहून घेत व त्याबद्दल जामीन घेत. नंतर त्यांच्या तकरिरी होत. कागदपत्रे व साक्षी तपासल्या जात. पुराव्याने उलगडा न झाल्यास उकळत्या तेलातून वा तुपातून धातूचा तुकडा काढण्याच्या रवादिव्यासारखे उपाय योजीत. निर्णयाच्या महजरावर गोतातील मंडळी सह्या वा आपापल्या निशाण्या करीत. पाटलाची निशाणी नांगर ही असे. हरलेला पक्ष येजितखत, म्हणजे पराभवाची कबुली, लिहून देई. एखाद्या पक्षास स्थानिक सभा पक्षपाती वाटल्यास त्याला दुसरे थळ मागता येई.

हा न्याय अगदी फुकट नव्हता. जिंकणाऱ्यास हरकी व हरणाऱ्यास गुन्हेगारी सरकारात भरावी लागे. मात्र दूरच्या कचेरीचे हेलपाटे वाचत आणि वकील नावाचा वर्ग मध्ये नसे. निर्णयाचे बळ तिहेरी होते : आधी दिलेली संमती, सरकारचा पाठिंबा आणि वाळीत टाकले जाण्याचे भय. यांतील तिसऱ्याची झळ दुर्बलांस अधिक बसे. महारादी बलुतेदारांच्या निशाण्या महजरावर आढळतात. पण निशाणी असणे व शब्दाला वजन असणे या भिन्न गोष्टी होत.

पेशवाईच्या अस्तानंतर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष दाखवूनही ती टिकविण्याचा पुरस्कार केला. तथापि १८२७ च्या विनियमांनंतर नियमित न्यायालयांचा विस्तार झाला आणि पंचांकडील ओघ आटला. सावकारी फिर्यादींनी शेतकरी नागवला गेला. १८७५ च्या दंगलींनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. त्यात गावमुन्सफ व समेट करणारे पंच नेमण्याची तरतूद होती. जेथे असे पंच नेमले जात, तेथे त्यांचा दाखला घेतल्यावाचून कायद्यात येणारी फिर्याद दाखल होत नसे. तेरचा प्रदेश मात्र निजामाच्या राज्यात होता. १८५३ ते १८६० एवढा काळच धाराशिव भाग इंग्रजांकडे होता. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यातील शेतकऱ्यास जो कायदा लागू झाला, तो शेजारच्या तेरच्या शेतकऱ्यास नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये न्यायपंचायतींची योजना होती. ती पुढे वगळण्यात आली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा १९९५ मध्ये अंमलात आल्यावर लोकअदालतींना वैधानिक अधिष्ठान लाभले. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते व न्यायालयातून आलेल्या दाव्याचे न्यायशुल्क परत मिळते. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तीत ग्रामसभेने निवडलेली समिती तडजोडी घडवून आणी आणि यशस्वी गावांना पुरस्कार मिळत. वाळीत टाकण्याचे जुने हत्यार २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरले. केंद्राच्या मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये परिसराची शांतता बिघडविणाऱ्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. मात्र तीतून झालेल्या समझोत्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही.