महिला एकेरी : हौशी खेळ ते पूर्णवेळ पेशा

बॅडमिंटनमधील महिला एकेरी हा प्रकार सव्वाशे वर्षांचा झाला; पण त्यावर पोट भरता येणे ही फार अलीकडची गोष्ट आहे. भारतात तर ती दोन पिढ्यांपेक्षा जुनी नाही. क्लबातील हौस, सरकारी उपक्रमातील नोकरी, निवासी अकादमी आणि शेवटी बक्षिसांचे व जाहिरातींचे उत्पन्न, अशा चार टप्प्यांतून हा पेशा घडत गेला.

या खेळाच्या आरंभाशी पुण्याचे नाव जोडलेले आहे. १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत. त्याचे सुरुवातीचे नियम इथेच बांधले गेले आणि काही काळ खेळाला ‘पूना’ असेच म्हणत. पुढे इंग्लंडमध्ये १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तीत फक्त दुहेरीचे सामने होते. एकेरी पुढच्याच वर्षी आली आणि १९०० साली एथेल थॉमसन महिला एकेरीची पहिली विजेती ठरली. पुरुषांचा गेम १५ गुणांचा आणि बायकांचा ११ गुणांचा, हा फरक मात्र त्यानंतर अनेक दशके टिकून राहिला.

भारतीय बॅडमिंटन संघटना १९३४ साली स्थापन झाली आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्या काळी बंदिस्त कोर्ट जिमखान्यांत आणि क्लबांतच असे. त्यामुळे मुलीने खेळायचे की नाही, हे बव्हंशी घरच्या मंडळींवर ठरे. पुण्याच्या देवधरांचे घर याचे ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी १९४०च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनवर आपली छाप पाडली. त्यांच्यामागोमाग लखनौच्या मीना शहा यांनी १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद राखले. त्यांना १९६२चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या साऱ्या जणी हौशी खेळाडू होत्या. करंडक आणि मान मिळे. उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता.

पैसे घ्यायला तर नियमानेच बंदी होती. खेळावर मिळकत केली की हौशी दर्जा जाई आणि स्पर्धांची दारे बंद होत. याची झळ जगभर होती. १९७७ साली माल्मो येथे झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेची विजेती, डेन्मार्कची लेने कोपेन, दंतवैद्यकाचे शिक्षण सांभाळून खेळत होती. १९७९च्या सुमारास खुल्या स्पर्धांना मान्यता मिळाली आणि बक्षिसाची रक्कम उघडपणे घेता येऊ लागली. भारतीय महिलांना त्याचा लाभ लगेच झाला नाही, कारण परदेशी स्पर्धांना जाण्याचा खर्च पेलणे कठीण होते. मुंबईच्या अमी घिया यांनी राष्ट्रीय एकेरी सात वेळा जिंकली आणि १९७८च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत कंवल ठाकर सिंग यांच्यासोबत दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. पण अशा कर्तृत्वालाही वर्षभराच्या आंतरराष्ट्रीय दौऱ्यांची जोड मिळत नसे.

या टप्प्यावर खेळाडूंना आधार मिळाला तो नोकरीचा. रेल्वे, बँका आणि तेल कंपन्या खेळाडूंना कामावर घेत आणि सराव व स्पर्धांसाठी सवलत देत. मधुमिता बिश्त यांनी राष्ट्रीय एकेरी आठ वेळा जिंकली. १९९२ साली त्यांनी त्या वेळी जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या इंडोनेशियाच्या कुसुमा सरवंधा हिला हरवले. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनला पदकाचा दर्जा मिळाला आणि महिला एकेरीत सुसी सुसांती हिने इंडोनेशियाला त्याचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. ऑलिम्पिकमुळे सरकारी पैसा या खेळाकडे वळू लागला.

पुढचा टप्पा अकादमीचा. मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी अनिल प्रधान यांच्याकडे धडे घेतले आणि १९९४ साली त्या बंगळूरला प्रकाश पदुकोण यांच्या नव्या अकादमीत दाखल झाल्या. शाळा-कॉलेज सांभाळून संध्याकाळी खेळण्याऐवजी सराव, व्यायाम आणि स्पर्धांचे वेळापत्रक एका छताखाली आखण्याची ही पद्धत भारतात नवी होती. १९९६ साली त्यांना जागतिक कनिष्ठ स्पर्धेत आणि १९९८ साली क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. सिडनी आणि अथेन्स अशी दोन ऑलिम्पिक त्या खेळल्या. सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे पटकावून त्यांनी पदुकोण यांच्या विक्रमाची बरोबरी केली. मनगटाच्या दुखापतीमुळे २००६ साली त्या निवृत्त झाल्या.

त्याच वर्षी खेळाचे अंकगणित बदलले. महिला आणि पुरुष दोघांचाही गेम २१ गुणांचा झाला आणि सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. पूर्वी सर्व्हिस हातात असताना केलेली चूक गुणाविना निभावत असे. आता तशी सवड उरली नाही. दमसास आणि आक्रमकता यांना महत्त्व आले. हैदराबादच्या सायना नेहवाल यांचा उदय या नव्या पद्धतीबरोबर झाला. २००६ साली, सोळाव्या वर्षी, त्यांनी फिलिपिन्स ओपन जिंकली आणि २००८ साली पुण्याच्या बालेवाडीत जागतिक कनिष्ठ विजेतेपद मिळवले. २००९ची इंडोनेशिया ओपन, २०१२च्या लंडन ऑलिम्पिकचे कांस्य आणि एप्रिल २०१५मध्ये जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान अशी त्यांची चढती कमान राहिली.

त्यांच्याप्रमाणेच पुलेला गोपीचंद यांच्या हाताखाली घडलेल्या पी. व्ही. सिंधू यांनी ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली रौप्य, टोकियोत कांस्य आणि जागतिक स्पर्धेत एकूण पाच पदके मिळवली. या पेशाला शरीराची किती किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या २०१७च्या ग्लासगो येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसले. जपानच्या नोझोमी ओकुहारा हिच्याविरुद्धचा तो सामना ११० मिनिटे चालला. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण ७३ फटक्यांच्या रॅलीनंतर सिंधूंना मिळाला; तिसरा गेम मात्र २२-२० असा ओकुहारा हिने घेतला. दोन वर्षांनी बासेलच्या अंतिम सामन्यात सिंधूंनी तिलाच २१-७, २१-७ असे अवघ्या ३८ मिनिटांत हरवले आणि भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्ण मिळवून दिले.

आजची कारकीर्द क्रमवारीभोवती फिरते. मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. २०१८ साली जागतिक महासंघाने एकेरीतील पहिल्या पंधरा खेळाडूंना वर्षाला किमान बारा स्पर्धा सक्तीच्या केल्या. विश्रांती घ्यावी तर गुण जातात, खेळत राहावे तर गुडघे आणि घोटे कुरकुरतात. मोठ्या स्पर्धांत स्त्री-पुरुषांच्या एकेरीची बक्षिसे समान आहेत. पण खालच्या स्तरावर बक्षिसातून प्रवासखर्चही सुटणे अवघड असते. कोट्यवधींचे जाहिरात करार मोजक्याच जणींच्या वाट्याला येतात. म्हणून नोकरीचे महत्त्व अजून ओसरलेले नाही. अपर्णा पोपट इंडियन ऑइलमध्ये होत्या. सायना आणि सिंधू यांनाही भारत पेट्रोलियमने नोकरी दिली. महिला एकेरी हा भारतात पूर्णवेळ पेशा झाला खरा, पण शिखरावरच्या दोघी-चौघी सोडल्या तर त्याचा खर्च आजही घर, अकादमी आणि नोकरी देणारी संस्था यांनाच उचलावा लागतो.