सतरा भागिले सदतीस

दोन वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र नोकरी सांभाळून रात्री एक छोटं ॲप बनवत होतो. कोड आम्हाला जमत होता, डिझाइन जमत नव्हतं. मग पोलंडमधला एक डिझायनर गाठला. व्हिडिओ कॉलवर सौदा ठरला आणि शेवटी मी ऐटीत म्हणालो, "तुझ्या खात्यात पूर्ण ८० हजार रुपये पडतील, कटकट नाही."

बिल आलं तेव्हा सीएकडे गेलो. त्यांनी विचारलं, "टीडीएस कापणार ना?" मी म्हटलं, तो तर पोलंडमध्ये बसून काम करतो, त्याचा आपल्या आयकराशी काय संबंध? सीए हसले. सेवा तिकडे बसून दिली, तरी ती इथल्या धंद्यासाठी वापरली आणि पैसे इथून गेले, तर ते भारतातलं उत्पन्न धरता येतं. पोलंडशी करार आहे, दर कमी होईल, पण त्यासाठी त्याच्याकडून तिथला करनिवासी असल्याचा दाखला आणि फॉर्म १०एफ हवा. नाहीतर २० टक्के कापा.

पण कापणार कुठून? मी तर 'खात्यात पूर्ण ८०' म्हणून बसलो होतो. अशा वेळी कायदा उलटं गणित करतो. ८० हजार ही कर कापून उरलेली रक्कम धरायची, म्हणजे मूळ रक्कम एक लाख आणि कर २० हजार. (उपकर बाजूला ठेवा, आधीच छातीत धस्स झालं होतं.) तो कर आमच्या खिशातून जाणार होता. न कापता पैसे पाठवले तर? "मग खातं त्याला शोधायला पोलंडला जाणार नाही," सीए म्हणाले, "तुम्हाला धरेल."

त्या रात्री चिडून मी या टीडीएसचा इतिहास वाचायला बसलो. उगमापाशीच कर कापायची युक्ती जुनी आहे. ब्रिटनमध्ये हेन्री ॲडिंग्टन यांच्या सरकारनं १८०३ सालीच ती आणली होती. जो पैसे देतो तोच हाताशी असतो, म्हणून त्यालाच वसुली कारकून करायचं. घेणारा समुद्रापार असेल तर ही युक्ती आणखीच सोयीची. आपल्या १९६१च्या आयकर कायद्यात तिचं नाव होतं कलम १९५. तांत्रिक सेवांचं शुल्क आणि रॉयल्टी 'भारतात उगवलेली' मानायची तरतूद १९७६ साली आली. परदेशी कंपन्यांशी तांत्रिक सहकार्याचे करार होत आणि पैसा बाहेर जाई, त्या पैशावर ही नजर होती.

वाचता वाचता मी एका अशा खटल्यापाशी पोचलो की झोपच उडाली. तो होता १९९६च्या क्रिकेट विश्वचषकाबद्दल!

त्या स्पर्धेच्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. पण ईडन गार्डन्सवर पेटवलेले कागद आणि रडत परतणारा कांबळी यूट्यूबवर कुणी पाहिलेला नाही? यजमान होते भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका. तिन्ही बोर्डांनी मिळून एक समिती केली, पिलकॉम. तिची बँक खाती लंडनमध्ये होती, आणि तिथूनच वेगवेगळ्या देशांच्या क्रिकेट मंडळांना पैसे गेले. त्यातली मोठी बाब होती 'गॅरंटी मनी', म्हणजे आधीच कबूल केलेली रक्कम. माझ्या 'पूर्ण ८०'सारखीच, फक्त शून्यं जास्त.

कर कापला गेला नव्हता. कोलकात्याच्या आयकर अधिकाऱ्यानं नोटीस काढली. परदेशी खेळाडू आणि क्रीडासंस्थांसाठी १९८९च्या वित्त कायद्यानं वेगळी कलमं आणली होती, आणि त्यांत भारतात खेळल्या गेलेल्या खेळासंबंधीच्या गॅरंटीच्या रकमेचा स्पष्ट उल्लेख होता. दर १० टक्के. समितीचं म्हणणं साधारण असं की पैसे लंडनमधून गेले, घेणारे परदेशी, रक्कम इथल्या सामन्यांना बांधलेली नाही, आणि शिवाय दुहेरी कर टाळण्याचे करार आहेतच.

आता अधिकाऱ्याचं गणित पाहा. स्पर्धेचे सामने ३७, त्यांतले भारतातले १७. सतरा भागिले सदतीस, म्हणजे ४५.९४ टक्के. तेवढा हिस्सा भारतात उगवला! ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज कोलंबोला गेलेच नाहीत, ते दोन सामने न खेळताच श्रीलंकेला मिळाले, तरी भागाकारात तेही मोजले गेले. मला प्रोग्रॅमर म्हणून हा भागाकार कच्चा वाटतो. सगळ्या सामन्यांचं वजन सारखं कसं? पण याहून नेमका आकडा काढायचा तर कशावरून काढणार, हे मलाही सुचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २९ एप्रिल २०२० रोजी. चोवीस वर्षांनी. देशात लॉकडाऊन होता, आयपीएल बेमुदत पुढे गेली होती. न्यायमूर्ती उदय लळित (जन्म सोलापूरचा, पुढे सरन्यायाधीश झाले) आणि विनीत सरन यांनी समितीविरुद्ध निर्णय दिला. पैसे देणाऱ्यानं कर कापायलाच हवा होता. कराराचा फायदा हवा असेल तर घेणाऱ्यानं नंतर येऊन मागावा, परतावा मिळेल.

हे वाचून माझा धीर सुटला. नशिबानं गोष्ट पुढे जाते. वर्षभरात, २ मार्च २०२१ला, त्याच न्यायालयात सॉफ्टवेअरचा निकाल आला. बंगळुरूची एक कंपनी अमेरिकेतून तयार सॉफ्टवेअर आणत होती. खात्याच्या मते ती किंमत नव्हे, रॉयल्टी होती, म्हणून कर कापा. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०११ साली खात्याची बाजू उचलली होती. न्या. रोहिंटन नरिमन, हेमंत गुप्ता आणि अमरावतीचे भूषण गवई यांच्या खंडपीठानं ती उलटवली. सॉफ्टवेअरची प्रत घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, मग रॉयल्टी कसली? आणि पिलकॉमचा निकाल इथे का लागू नाही, तेही सांगितलं. खेळाडूंच्या कलमात नसलेली अट कलम १९५मध्ये आहे: ती रक्कम या कायद्याखाली करपात्र असायला हवी. म्हणजे करार आधी बघायचा, कापायचं की नाही ते मग.

त्याच निकालातला एक मुद्दा मला फार आवडला. सरकारनं २०१२ साली रॉयल्टीची व्याख्या रुंदावली, आणि तीही १९७६पासून लागू म्हणून. न्यायालय म्हणालं, जी तरतूद तेव्हा कागदावरच नव्हती ती पाळून कुणी कर कापला असता, असं कसं धरता येईल? अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही.

आमच्या डिझायनरला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. त्यानं आम्हाला प्रत विकली नव्हती, सेवा दिली होती. मी त्याला दाखला मागितला. तो आधी बिचकला, हा काहीतरी फसवणुकीचा प्रकार आहे असं त्याला वाटलं. मग मी त्याला विश्वचषकाची गोष्ट लिहून पाठवली. क्रिकेट म्हणजे काय, इथपासून.

तीन आठवड्यांनी दाखला आला. करारातल्या कमी दरानं कर भरला, अर्धा मी, अर्धा मित्रानं. फॉर्म १५सीए भरून पैसे पाठवले. त्याच्या खात्यात पूर्ण ८० पडले. पुढच्या कामाच्या करारात 'कर वजा जाता' हे तीन शब्द मी स्वतः टाइप केले, आणि त्यावर त्यानं दर वाढवून मागितला.