खवाटा गेला, हात राहिला
खवाट्याच्या हाडात कर्करोग पसरला, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुधा खांद्यासकट सगळा हातच काढत. पॅरिसच्या पॉल बर्जे यांनी १८८७ मध्ये ती शस्त्रक्रिया रीतसर मांडली.

रशियन शल्यविशारदांनी हात वाचवायचा ध्यास घेतला. बोरिस लिनबर्ग यांचा १९२८ चा लेख त्यातला मोलाचा टप्पा: खवाटा, दंडाच्या हाडाचा वरचा भाग, हासळीचे टोक काढायचे, मुख्य रक्तवाहिन्या नि मज्जातंतू रोगमुक्त असतील तर जपायचे. केवढे धाडस!

दंड मात्र लोंबे. पुढे तो हासळीला टांगू लागले. हात डोक्यावर जात नाही. पण कोपर वाकते, बोटे पेन धरतात, घास तोंडापर्यंत पोचतो.

नंतर कृत्रिम खवाटाही आला, पण त्याला झाकायला पुरेसे स्नायू शिल्लक लागतात.