महामंदी, खानदेशातील
न्यूयॉर्कच्या रोखेबाजारातील ऑक्टोबर १९२९ च्या घसरणीनंतर जगभर पसरलेल्या आर्थिक मंदीचा आघात पूर्व व पश्चिम खानदेश जिल्ह्यांना (विद्यमान जळगाव, धुळे व नंदुरबार) तीव्रतेने जाणवला. कारण येथील शेती कापूस या नगदी पिकावर विसंबून होती. कापसाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सरकारी सारा व सावकाराचे देणे मात्र रोख रकमेत ठरलेले होते. त्यामुळे नवे कर्ज न काढताही जुने फेडण्यास दुपटीच्या आसपास कापूस लागू लागला. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि भारतातील शेतकरी कुटुंबांतील दागिने सराफांमार्फत परदेशी गेले. निर्यातीच्या आकड्यांत ही भरभराट भासली, तरी वस्तुतः ती मोड होती.

अशाच हलाखीच्या काळात जर्मनीत हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. खानदेशातील असंतोषाला सविनय कायदेभंगाचे वळण मिळाले. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून साने गुरुजी १९३० मध्ये चळवळीत उतरले.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी स्पेनमधील यादवीचा संदर्भ देऊन फॅसिझम व साम्राज्यवाद यांचे नाते दाखविले. जमलेल्या शेतकऱ्यांना साऱ्याचा प्रश्न अधिक निकडीचा वाटला असावा. सारा व खंड यांत कपात, कर्जवसुलीस स्थगिती आणि शेतकरी संघटनांना मान्यता या मागण्या तेथील कृषी कार्यक्रमात होत्या. मुंबई शेतकरी कर्जनिवारण अधिनियम १९३९ मध्ये संमत झाला. तथापि त्याच वर्षी प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने त्याची अंमलबजावणी रेंगाळली.