लोक हसतील म्हणून रात्री

दावोस म्हटले की आता आपल्याला आठवतात ते सूटबूट घातलेले मंत्री, उद्योगपती आणि गुंतवणुकीच्या करारांचे आकडे. दरवर्षी जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांतून हे गाव चार दिवस झळकून जाते. ती परिषद तिथे १९७१ पासून भरू लागली. पण त्याआधी शंभर वर्षे हे गाव युरोपात प्रसिद्ध होतेच, आणि ते एका रोगासाठी. आज जी गोष्ट सांगायची आहे ती त्या जुन्या दावोसमधली. तिच्यात एक आजारी बायको आहे, तिचा धडधाकट नवरा आहे, दोन गावकरी भाऊ आहेत आणि बर्फावर पडलेले चांदणे आहे. नवरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शेरलॉक होम्सचा जनक, आर्थर कॉनन डॉयल.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी होम्स पहिल्यांदा वाचला तो मराठीतून. शाळेच्या ग्रंथालयातले ते पुस्तक इतके हाताळलेले होते, की काही गोष्टींचा शेवट अंदाजानेच ओळखावा लागे. होम्स रायशेनबाखच्या धबधब्यात कोसळतो ती गोष्ट मात्र पूर्ण होती. मला लेखकाचा भयंकर राग आला होता. मूळ इंग्रजी गोष्ट डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आली, तेव्हा तिकडचे वाचकही असेच चिडले होते. त्यांना काय किंवा मला काय, लेखकाच्या घरात तेव्हा काय चालले आहे याची कल्पना नव्हती.

डॉयलची बायको लुइझा हिला त्याच वर्षी क्षय झाल्याचे निदान झाले. घरात दोन लहान मुले, धाकटा तर जेमतेम वर्षाचा. डॉक्टरांनी थोड्याच महिन्यांची मुदत दिली. डॉयल स्वतः डॉक्टर होता, त्यामुळे या वाक्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायला नको होता. दैवाचा खेळ पाहा. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये या रोगावर औषध सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा सगळे जग बर्लिनकडे धावले होते. त्या गर्दीत डॉयलही होता. आणि परत येऊन, या औषधाकडून फार आशा धरू नका, असे त्याने लिहिले होते. त्याचे म्हणणे खरे ठरले. तीन वर्षांनी तो रोग त्याच्याच घरात आला तेव्हा औषध नव्हतेच.

मग उरले दावोस. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेली ही दरी. जर्मनीतून राजकीय आश्रयाला आलेल्या आलेक्झांडर श्पेंगलर या डॉक्टरला १८५३ पासूनच्या आपल्या कामात असे आढळले, की इथल्या लोकांत क्षय जवळजवळ दिसत नाही. फेब्रुवारी १८६५ मध्ये दोन रोगी ऐन हिवाळ्यात इथे येऊन राहिले आणि सुधारले. तिथून रीघ लागली. उपचार म्हणजे काय, तर कोरडी थंड हवा, ऊन, भरपूर दूध आणि सज्जात कांबळी पांघरून तासन्‌तास पडून राहणे. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा स्टीव्हन्सन १८८० नंतरचे दोन हिवाळे इथेच होता. ते पुस्तक त्याने इथेच पुरे केले.

आता एक प्रश्न येतो. रोगी सज्जात पडून राहतो. त्याच्याबरोबर आलेल्या निरोगी माणसाने काय करायचे?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटला होता. माझी आत्या १९५० नंतरच्या दशकात मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये दीड वर्ष होती. तिचे यजमान, आमचे काका, दर रविवारी तिला भेटायला जात. पण जाण्याआधी कृष्णेच्या घाटावर तासभर पोहत. बायको तिकडे रक्त ओकते आहे आणि हा इकडे सूर मारतो आहे, असे घरातली वडीलधारी मंडळी उघड बोलत. काका ऐकून घेत आणि पुढच्या रविवारी पुन्हा घाटावर जात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मुलांना खोलीत सोडत नसत, म्हणून मी व्हरांड्यात उभा होतो. आत्याने खिडकीतून पहिला प्रश्न विचारला तो असा : “पाणी किती होतं, ते आधी सांगा.”

तेव्हा डॉयलबद्दल घाईने मत बनवायला मी तयार नाही. चौतिशीचा, धिप्पाड, क्रिकेट आणि फुटबॉल खेळलेला हा माणूस. हिवाळाभर खोकल्यांचे आवाज ऐकत तो दावोसमध्ये राहिला, लिहीत राहिला. आणि त्याला दिसल्या स्कीच्या फळ्या.

स्की ही गोष्ट नॉर्वेची. तिथे ती खेळाची नव्हे, हिवाळ्यात घराबाहेर पडायची वस्तू. आल्प्समध्ये तिचा बोलबाला झाला तो नान्सेनमुळे. त्याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, त्यावर पुस्तक लिहिले आणि ते वाचून ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी नॉर्वेहून फळ्या मागवल्या. दावोसमध्ये हा उद्योग केला टोबियस आणि योहानेस ब्रांगर या भावांनी. टोबियसचे गावात दुकान होते. आठ फूट लांब, चार इंच रुंद, टोकाला वर वळलेल्या लाकडी पट्ट्या पायांना बांधायच्या आणि उतारावर उभे राहायचे. शिकवणारा कोणी नाही. उभा राहिलेला माणूस पुढच्या क्षणी बर्फात डोके खुपसून पडलेला. गावकरी पोट धरधरून हसत. पिढ्यान्‌पिढ्या बर्फात काढलेल्या माणसांना हा सगळा शहाणपणा पोरकट वाटत होता.

मग या भावांनी काय केले? ते अंधार पडल्यावर बाहेर पडू लागले. दुकान आवरले, गावाचे दिवे विझले, की फळ्या खांद्यावर टाकून उतारावर जायचे आणि तिथे पडत-धडपडत शिकायचे. आज ज्या खेळासाठी आल्प्समध्ये लाखो लोक जातात, त्याची दावोसमधली शिकवणी अशी रात्रीची, चोरून झाली. लोक हसतील म्हणून.

मला ही गोष्ट अगदी आपली वाटते. आपल्याकडे मोठ्या वयात सायकल शिकणाऱ्या किती जणींनी पहाटेचे सुने मैदान गाठले असेल! आणि योगायोग असा, की टॉमस मानने दावोसवर लिहिलेल्या ‘द मॅजिक माउंटन’ या १९२४ च्या कादंबरीतला रोगी नायकही स्की शिकतो तो चोरूनच. फक्त त्याला भीती असते ती डॉक्टरांची.

मार्च १८९३ मध्ये ब्रांगर बंधू आणि त्यांचा एक साथीदार, फ्रीडरिश किंडशी, यांनी रात्रीची विद्या दिवसा वापरून दाखवली. दावोसहून मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून ते पलीकडच्या आरोसा गावी उतरले. ही दोन गावे नकाशावर शेजारी दिसतात. पण मधे डोंगर असा आहे, की आजही थेट गाडीरस्ता नाही, मोठा वळसा घालावा लागतो. हिवाळ्यात तर दोन्ही गावे एकमेकांना परदेश. पुढच्या वर्षी या भावांबरोबर डॉयल निघाला. तारीख २३ मार्च १८९४.

पंचांगाचा हिशेब केला तर मजा वाटते. २१ मार्चला पौर्णिमा होती, तीही फाल्गुनातली. म्हणजे आपल्याकडे होळी नुकतीच पेटून विझली होती, आणि तिकडे हे तिघे वद्य द्वितीयेच्या चंद्रप्रकाशात पहाटे साडेचारला निघाले. इतक्या लवकर निघणे ही काही हौस नव्हती. मार्चमधले ऊन तापले की बर्फ भुसभुशीत होतो, माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि कड्यांवरचे बर्फाचे थर सुटण्याचा धोका वाढतो. रात्रीच्या गारठ्याने तोच बर्फ फरशीसारखा घट्ट होतो. चंद्र होता म्हणून ती घट्ट वाट वापरता आली.

वाट फरच्या जंगलातून चढत होती. इथे एक खुलासा करायला हवा. चांदण्यातल्या जंगलातून तिघे सुसाट घसरत चालले आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर ते पुसा. झाडे दाट, चढ उभा. फळ्या खांद्यावर होत्या आणि माणसे पायी चालत होती. मधेच एखाद्या खळग्यात कमरेइतकी रुतत, बाहेर येत, पुन्हा चालत. साडेसहाच्या सुमारास झाडे संपली.

असे जंगल मी पाहिले आहे. माझी मुलगी झुरिचला होती तेव्हा, जानेवारी २०११ च्या पौर्णिमेला, तिच्या हट्टाने दावोसजवळच्या जंगलात भाड्याच्या स्कीवर उभा राहिलो. वय सांगत नाही. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो, त्यामुळे चांदण्यात घड्याळाचे काटेसुद्धा दिसत होते. झाडांच्या सावल्या निळ्या. पण हा उजेड फसवा असतो. सगळे दिसते आणि खोली मात्र कळत नाही. उंचवटा आणि खड्डा सारखेच पांढरे. सपाट वाटले म्हणून पाय टाकला आणि मी आडवा. मधूनच एखादी फांदी अंगावरचा बर्फ झटकायची, तेवढाच आवाज. पडल्या पडल्या वाटले, ब्रांगर बंधूंनी पडायला जागा चांगली निवडली होती.

झाडीच्या वर गेल्यावर त्या तिघांचे खरे काम सुरू झाले. मऊ बर्फाच्या चढावर फळ्या बांधून नागमोडी वर चढायचे, उतारावर घसरायचे. एका ठिकाणी उतार इतका उभा होता, की फळ्या एकत्र बांधून तिची घसरगाडी करायचे ठरले. डॉयलची गाडी त्याला न घेताच निघून गेली. मग हा जाडजूड माणूस आपल्या ट्वीडच्या विजारीवर बसूनच खाली आला. हे कापड फाटणे शक्य नाही, असे शिंप्याने सांगितले होते म्हणे. ते शास्त्रीय कसोटीला उतरले नाही, अशी नोंद त्याने नंतर केली आहे.

बरोबर सात तासांत, साडेअकराला, ते आरोसाला पोहोचले. तिथली मंडळी दुर्बिणी घेऊन गंमत पाहणार होती. पण त्यांच्या हिशेबाने पाहुणे एकच्या आत येणे शक्यच नव्हते. ती खिंडीकडे दुर्बिणी लावायला बाहेर आली तेव्हा पाहुण्यांचे हॉटेलात जेवण आटोपत आले होते. हॉटेलच्या नोंदवहीत व्यवसायाचा रकाना होता. टोबियसने डॉयलपुढे लेखकही लिहिले नाही आणि डॉक्टरही नाही. ‘स्पोर्ट्समन’ हा इंग्रजी शब्द आपल्या जर्मन वळणाने लिहून टाकला. डॉयलला याचे फार अप्रूप वाटले.

डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’मध्ये, होम्सला मारल्यानंतर बरोबर एक वर्षाने, त्याच मासिकात डॉयलचा या सफरीवरचा लेख आला. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत त्यात होते. ते साफ चुकले. शेकडो नव्हे, इतके आले की १९३४ मध्ये दावोसला उतारावर माणसे ओढून नेणारी यंत्राची लिफ्ट बसवावी लागली.

इथून पुढे मात्र इतिहासाने नेहमीची खोडी केली. लेखात डॉयल ब्रांगर बंधूंना त्यांचे श्रेय देतो. तीस वर्षांनी, १९२४ च्या आत्मचरित्रात, त्या प्रांतात स्की आणण्याचा, निदान तिचा उपयोग दाखवून देण्याचा मान तो स्वतःकडे घेतो. लोकांनी तर पुढे सबंध स्वित्झर्लंडच त्याच्या नावावर लिहून दिले. दावोसला त्याच्या नावाची पाटीही लागली. वस्तुतः ग्लारुस या दुसऱ्या प्रांतात १८९३ मध्येच स्कीचा क्लब निघाला होता. डॉयलने केले ते इतकेच, की जे दुकानदार भाऊ रात्री लपून करत होते ते त्याने मासिकातून जगाला दाखवले. ते कमी नाही. पण आधी फळ्या बांधून अंधारात पडणारे दुसरे होते, हे दावोसला जाणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

आणि लुइझा? थोड्या महिन्यांची मुदत मिळालेली ही बाई तेरा वर्षे जगली. ४ जुलै १९०६ ला ती गेली. हवेमुळे, विश्रांतीमुळे की मुळातल्या चिवटपणामुळे, याचे उत्तर त्या काळचे वैद्यक देऊ शकत नव्हते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, दावोसची सॅनिटोरियम ओस पडली आणि त्यांतल्या काहींची हॉटेले झाली. डोंगरावरचे शाट्झाल्प त्यांतलेच.

त्याच औषधाने माझी आत्या बरी होऊन घरी आली. दुसऱ्या रविवारी तिने काकांना घाटावर न्यायला लावले. पायरीवर छत्री घेऊन बसली आणि काका पोहत होते तितका वेळ, आणखी पलीकडे जा, आणखी पलीकडे जा, असे हाताने खुणावत राहिली.