सहायित निवासगृह (नवी मुंबई)

सहायित निवासगृह : रोजची कामे एकट्याने न उरकणाऱ्या वृद्धांसाठी चालवलेले, रात्रंदिवस मदतनीस असलेले घर. बोलीत ‘असिस्टेड लिव्हिंग’ किंवा नुसते ‘होम’. वृद्धाश्रमात सहसा हिंडत्या-फिरत्या माणसाला घेतात. रुग्णालय उपचार संपले की घरी पाठवते. पक्षाघातानंतर किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर कुटुंब या घरांकडे वळते.

महाराष्ट्रात वृद्धांच्या निवासाची परंपरा जुनी आहे. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकातली. शासनाची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ची. सहायित निवासाची आजची कल्पना मात्र अमेरिकेतील केरेन ब्राऊन विल्सन यांच्याकडून आली. त्यांनी १९८३ मध्ये पोर्टलंड येथे काढलेल्या गृहात प्रत्येकाला स्वतःची खोली होती आणि तिच्या दाराची कडी त्याच्याच हातात होती. नवी मुंबईतल्या छोट्या गृहांत एका खोलीत दोघे-तिघे असतात. कडीचा मुद्दा इथवर पोचलाच नाही.

या शहराला अशा घरांची गरज एकदम भासू लागली, त्याचे कारण शहराच्या वयात आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे १९८०च्या आसपास तरुणपणी घर घेतलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. गुडघे गेले की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस घरातच अडकतो. मुले बंगळुरूला किंवा परदेशी. छोटी गृहे बहुधा रो-हाऊस वा बंगल्यात, शक्यतो तळमजल्यावर असतात आणि दहा-वीस जणांना ठेवतात.

काळजीचे मोजमाप सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सहा कामांवरून होते : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी जितक्या कामांत हात लागतो तितके मासिक शुल्क चढते. डायपर, औषधे, रुग्णवाहिका यांचा खर्च बहुधा वेगळा. डिपॉझिट आधी घेतात.

दिवस पहाटे चहाने सुरू होतो. मावश्या आणि वॉर्डबॉय एकेकाला उठवतात, डायपर बदलतात, कमोडच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालतात. बीपी, शुगर वहीत लिहायची, खणांच्या डबीतून गोळ्या द्यायच्या. दात नसलेल्यांना मऊ भात-वरण किंवा खिमट. गिळता न येणाऱ्यांना नाकातील नळीवाटे पातळ आहार. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलण्याचे काम ती करत नाही. कोणतेही होम पारखायचे तर रात्री दोन वाजता ही कूस कोण बदलते, एवढेच विचारावे.

विस्मृतीच्या रुग्णांना संध्याकाळ जड जाते. दिवे लागले की ‘मला घरी जायचंय’ सुरू होते. तुम्ही घरीच आहात, असे समजावण्याने चिडचिड वाढते. जाणत्या मावश्या ‘चहा घेऊन निघू, आजी’ म्हणतात आणि विषय वळवतात. छोट्या घराचा खरा फायदा इथे दिसतो, कारण कोणाला कशाने शांत वाटते हे सर्वांना ठाऊक असते. तोटाही आकाराचाच : एक मावशी गावी गेली की सगळी घडी विस्कटते. परिचारिका चोवीस तास असतेच असे नाही. डॉक्टर ठरलेल्या दिवशी फेरी मारतात.

पालक व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ प्रमाणे मुलांकडून निर्वाह मागता येतो आणि सांभाळण्याच्या अटीवर केलेले घराचे हस्तांतर, ती अट मोडल्यास, रद्द करून घेता येते. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघरपासून पुढे रायगड जिल्ह्यात येत असल्याने एकाच शहरातल्या शेजाऱ्यांचे अर्ज दोन ठिकाणी जातात. अशा गृहांना नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. त्यामुळे तपासणीचा भार प्रत्यक्षात नातेवाइकांवरच राहिला आहे. न कळवता भेटीला जाऊ न देणारे होम घेऊ नये. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७.